चार

एक ते दहामध्ये सांग, नर्स विचारते, किती दुखतंय?
फिंटन म्हणतो, चार.
ती लिहून घेते, चार.
बसा, म्हणते, वेळ लागेल.

अहो, थांबा.
त्याला वय विचारा, चार म्हणेल.
बावन्न पूर्ण झाली त्याला लेंटच्या पहिल्या आठवड्यात.
वाजले किती? चार.
बहिणी किती? चार. मी एकटीच आहे.
घरी चार कोंबड्या आहेत त्याच्या,
जगात मोजण्याजोगं तेवढंच.

हे सगळं मी काउंटरच्या काचेला सांगते.
काचेपलीकडे फोन वाजतो आहे.

स्लायगोचं इस्पितळ, रात्रीचा एक.
कॉरिडॉरमध्ये अकरा ट्रॉल्या,
बाराव्या ट्रॉलीच्या जागी आम्ही दोघं, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर.
डोक्यावर ट्यूबलाइट.
तिचा आवाज त्याला ऐकू येतो, मला येत नाही.
तो कानात बोटं घालतो, मग काढतो,
मग एक बोट माझ्या कानात घालतो,
मलाही त्रास होत असेल म्हणून.

पिवळी वही आणली आहे मी.
त्याच्याविषयी, त्याच्याच तोंडचं असल्यासारखं
माझ्या हस्ताक्षरात:
*मला सुई चालते. चिकटपट्टी उपटलेली चालत नाही.
मला न सांगता पाठीमागून येऊ नका.
दुखलं की मी रडत नाही. मी कोंबड्यांची चौकशी बंद करतो.*
आता तिच्यावर कुणाचातरी कॉफीचा कप आहे.

काल दुपारपासून
त्याने एकदाही विचारलं नाही
कोंबड्यांना कोंडलं का.

एक तरुण डॉक्टर येऊन गेला.
तो पुढे-मागे झुलतोय, हे नेहमीचंच ना? म्हणाला.
म्हटलं, नेहमी उजवीकडे-डावीकडे.
तो हसला. मी विनोद केलेला नव्हता.

मॅलकीच्या वेळीही नेहमीचंच होतं.
डे सेंटरमधला मॅलकी, टोप्या जमवायचा.
ओरडतो, चावतो, स्वभाव आहे, असं लिहिलं होतं कागदावर.
पहाटे ओरडणं थांबलं
तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं.
त्याच्या टोप्या अजून सेंटरच्या खुंट्यांवर आहेत,
फिंटन रोज एक वेगळी घालतो आणि परत ठेवतो.

ओठात एक, पोटात एक, असं लबाडांना म्हणतात.
माझ्या भावाच्या ओठात चार.
पोटात किती, ते अजून
कुणी हात लावून पाहिलेलं नाही.

तीनच्या सुमाराला डॉक्टर तसनीम.
सुदानची, ड्यूटी संपत आलेली, बुटाची नाडी सुटलेली.
तिने कप उचलला. वही वाचली. उभ्यानेच, पण सगळी.
मग ट्यूबलाइटचं बटण शोधून बंद केलं
आणि फरशीवर बसली, त्याला समोरून दिसेल अशी.

कोंबड्यांची नावं काय रे?

बराच वेळ काही नाही.
बिडी, तो म्हणाला. डचेस.
मिसेस फॉक्स.
आणि पुढचं नाव आलंच नाही.
त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

चौथी कोण? तिने मला विचारलं.
चौथीचं नाव असम्प्टा. माझंच.
सगळ्यात आधी तेच घेतो तो.

मी हात ठेवते आता, ती त्याला म्हणाली,
आधी तुझ्या हातावर, मग पोटावर.
पोट लाकडी फळीसारखं होतं.
तिचा चेहरा मी पाहिला. मग फक्त पावलं,
चाकं, कुणीतरी सही करा म्हणालं,
मी त्याच्या जागी माझं नाव लिहून ते खोडलं.

आतडं फुटायला आलं होतं, नंतर सांगितलं.
किती वेळ होता हातात, मी विचारलं नाही.
कुणीतरी आकडा सांगितला असता.

दुपारी, नळ्यांच्या गुंत्यातून, ओठ सुकलेले:
असम्प्टाला कोंडलं?
मी म्हटलं, कुठल्या?
तो माझ्याकडे बघत राहिला,
मीच चारचौघांसारखी नाही असं.

नवी नर्स आली. एक ते दहामध्ये?
चार, तो म्हणाला.
तिने पेन उचललं.
मग माझ्याकडे पाहिलं,
आणि पेन तसंच धरून ठेवलं.